शेंगदाणा, बुरशी आणि ओव्याचं तेल : प्रकल्पाच्या नोंदी

१७ जून

प्रकल्पाचा प्रश्न आज फळ्यावर लिहिला. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीला वनस्पतींमधल्या द्रव्यांनी आवर घालता येईल का, आणि बुरशी आवरली तर तिचं विषही थांबेल का? आमच्या मार्गदर्शक मॅडमनी प्रश्नाच्या दुसऱ्या भागाखाली दोन रेघा ओढल्या. पहिल्या भागावर जगभर ढिगानं काम झालंय. प्लेटवरची बुरशी छोटी दिसली की दुसरा भाग आपोआप सुटला असं बरेच जण धरून चालतात. आपण तसं धरायचं नाही, एवढं आज ठरलं.

बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि तिच्या विषाचं अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी शोध येऊन थांबला आणि हे विष जगाला कळलं. आपल्याकडे १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसानं भिजलेला मका खाऊन आदिवासी पाड्यांवर कावीळ आणि जलोदराची साथ आली. शंभरावर माणसं गेली. त्याच घरांतली कुत्रीही मेली, कारण त्यांच्या पुढ्यात तीच भाकरी पडत होती. २००४ मध्ये केनियात पुन्हा मक्यानंच १२५ बळी घेतले. ही झाली एकदम दिसलेली मरणं. थोडं थोडं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होतो, आणि अंगात हिपॅटायटिस बी असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

मराठी घरात दाण्याचं कूट कशात नसतं? भाजी, कोशिंबीर, खिचडी, चटणी, लाडू. म्हणून मका बाजूला ठेवून शेंगदाणा घेतला.

पाच वनस्पती निवडल्या: ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा आणि कडुनिंबाचा पाला. पहिल्या चारांचं सुगंधी तेल वापरायचं आणि कडुनिंबाचा पाण्यातला अर्क.

२४ जून

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून तीन दर्जांचे दाणे आणले. चांगले निवडलेले, मध्यम, आणि फुटका-सुरकुतलेला माल. एका आडत्यानं आपणहून तिसऱ्या दर्जाचं पोतं उघडून दाखवलं. "हा घाण्याला जातो," म्हणाला. ही गोष्ट इथे मुद्दाम टिपून ठेवते, कारण त्या पोत्याकडे परत यावं लागणार आहे.

दाणे सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात बुडवून, निर्जंतुक पाण्यानं धुऊन, ओल्या टिपकागदावर मांडले. वरवरची बुरशी अशी निघून जाते आणि आत शिरलेली तेवढी बाहेर येते.

२९ जून

निवडलेले दाणे जवळजवळ स्वच्छ. तिसऱ्या दर्जावर काळी नायजर (फ्लेव्हसचीच भाऊबंद बुरशी) आणि पोपटी-पिवळी फ्लेव्हस, दोन्ही दाटून आल्या आहेत. नायजर इतकी झपाट्यानं पसरते की फ्लेव्हसचे ठिपके सुईनं वेगळे काढायला अख्खी दुपार लॅमिनारवर (गाळलेल्या हवेच्या कॅबिनेटवर) बसावं लागलं.

फ्लेव्हस सापडली म्हणजे विष सापडलं असं नाही. तिचे कितीतरी वाण विष बनवतच नाहीत. बिनविषारी वाण शेतात सोडून विषारी वाणांची जागा बळकवायची, ही जैविक पद्धत त्याच गोष्टीवर उभी आहे. तेव्हा आपल्या हातातले वाण कोणत्या जातीचे आहेत ते आधी पाहायला हवं.

त्यासाठी बुरशी वाढवायला नारळाचं माध्यम केलं. किसलेलं खोबरं गरम पाण्यात मिक्सरला फिरवलं, मलमलीतून पिळलं, त्या दुधात ते घट्ट करणारं अगार घालून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलं. प्रयोगशाळेत सोलकढीसारखा वास सुटला होता. वेगळे केलेले सगळे वाण त्यावर टोचून इनक्युबेटरमध्ये ठेवलेत.

३ जुलै

खोलीतले दिवे घालवून नारळाच्या प्लेट उलट्या केल्या आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरल्या. वरून पाहिलं तर सगळ्या वसाहती सारख्याच, पोपटी, मखमली. खालून मात्र काही अंधारात जशाच्या तशा काळ्या राहिल्या आणि काहींच्या भोवती निळसर पांढरी वलयं उमटली, मध्ये घट्ट आणि कडेला विरत गेलेली. हा निळा उजेड विषाचा. अफ्लाटॉक्सिनच्या बी गटाला ते नावच निळ्या चमकेमुळे मिळालं आणि जी गटाला हिरव्या चमकेमुळे. फ्लेव्हस सहसा बी गटच बनवते.

खात्रीसाठी त्याच प्लेटच्या झाकणात अमोनियाचा थेंब सोडून ती पालथी ठेवली. निळं वलय असलेल्या वसाहतींची खालची बाजू काही मिनिटांत गुलाबी, मग जांभळट लाल झाली. बाकीच्या पिवळट पांढऱ्याच राहिल्या. दोन्ही चाचण्या जुळल्या. सर्वात ठळक वलयाचा वाण कामासाठी घेतला. नावाची खात्री करून घ्यायला तो आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहाकडे पाठवायचा आहे.

यापुढे मास्क, हातमोजे आणि कॅबिनेट सक्तीचं. वापरलेली काच हायपोक्लोराइटमध्ये बुडवायची आणि नंतर त्यात अ‍ॅसिटोन घालायचं. नुसत्या हायपोक्लोराइटनं विष मोडताना त्यातून दुसरं घातक द्रव्य उरू शकतं, ते अ‍ॅसिटोननं जातं. प्रयोगशाळेतल्या मावशींनाही हे नीट समजावून सांगितलं. या प्रकल्पातली एकही बशी त्यांनी धुवायची नाही.

९ जुलै

क्लेव्हेंजरवर, म्हणजे वाफेनं तेल काढायच्या काचेच्या उपकरणावर, ओवा चढवला. भरडलेला ओवा पाण्यात उकळतो, वाफेबरोबर तेल वर जातं, थंड होऊन काचेच्या बारीक नळीत पाण्यावर तरंगत साठतं. शंभर ग्रॅमला दोन ते चार मिलिलीटर मिळतं, आम्हालाही त्या मर्यादेतच मिळालं. बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर तळाशी खडे बसले. तेच ओव्याचं फूल, रसायनाच्या भाषेत थायमॉल. घरोघरी पोटदुखीवर आणि सर्दीवर हेच वापरलं जातं. बुरशीच्या पेशीचं आवरण थायमॉल सैल करतं, आतले क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी कोलमडते.

लवंगेतलं मुख्य द्रव्य युजेनॉल, गवती चहातलं सिट्रल. दालचिनीचं जरा गुंतागुंतीचं आहे. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड भरपूर, तर पानांच्या तेलात युजेनॉलच जास्त. शिवाय बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया असते. तिच्यातही सिनॅमाल्डिहाइड भरपूर, पण सोबत कुमारिन येतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला बरं नाही. यकृत वाचवायला निघालेल्या प्रकल्पात तेच घुसवायचं नाही, म्हणून दालचिनीपुरतं शुद्ध सिनॅमाल्डिहाइड विकत घेतलं.

तेलाची घडण जमीन, हंगाम, वाळवण आणि साठवण यांवर बदलते. आजचा ओवा आणि दिवाळीतला ओवा एकच तेल देणार नाही. म्हणून प्रत्येक तेलाबरोबर त्याच्या मुख्य शुद्ध द्रव्याचीही चाचणी करायची.

१६ जुलै

बटाटा-डेक्स्ट्रोज अगार कोमट असतानाच त्यात तेल मिसळून प्लेट ओतल्या. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून दोन्ही एकत्र धरणारं ट्वीन ८० वापरलं. नुसत्या ट्वीनच्याही प्लेट ठेवल्या, नाहीतर ट्वीनचं श्रेय तेलाला जायचं. मात्रा मिलिलीटरला १२५, २५०, ५०० आणि १००० मायक्रोग्रॅम. मधोमध बुरशीची चकती. २८ अंश.

२३ जुलै

सिनॅमाल्डिहाइड आणि थायमॉल सर्वात कडक. वरच्या दोन मात्रांत चकतीतून एक धागाही बाहेर आलेला नाही. ओव्याचं तेल थायमॉलच्या मागोमाग. लवंगेला मोठी मात्रा लागते. गवती चहाचं तेल वरच्या मात्रेत चांगलं चालतं, खाली एकदम ढेपाळतं. कडुनिंबाच्या अर्कात बुरशी जवळजवळ कंट्रोलइतकीच, म्हणजे औषध न घातलेल्या प्लेटइतकीच, वाढली. गटातल्या एकानं विचारलं, "मग कडुनिंब वगळूया का?" मॅडम म्हणाल्या, "अजून विष मोजलंय कुठे?"

५ ऑगस्ट

आजची नोंद सविस्तर लिहिते आहे, कारण आजवरचा सर्वात महत्त्वाचा निकाल हाच आहे.

यीस्ट अर्क आणि साखरेच्या पातळ माध्यमात बुरशी वाढवली, कारण त्यात ती विष भरपूर बनवते. मात्रा मुद्दाम कमी घेतल्या, म्हणजे बुरशी मरणार नाही पण तिला त्रास होईल अशा. वाढून आलेली साय गाळून, वाळवून तिचं वजन घेतलं. उरलेलं पाणी क्लोरोफॉर्मनं धुऊन त्यातलं विष काढलं, सिलिकाच्या प्लेटवर ठिपके दिले आणि क्लोरोफॉर्म-अ‍ॅसिटोन नऊ-एक प्रमाणात चालवलं, म्हणजे विष बाकीच्या द्रव्यांपासून सुटून वेगळ्या ठिपक्यात दिसेल.

प्लेट वाळल्यावर दिव्याखाली निळे ठिपके एका ओळीत दिसले. कंट्रोलचा ठळक. थायमॉलचा फिका. लवंगेचा फारच फिका, आणि तिच्या सायीचं वजन मात्र विशेष घटलेलं नव्हतं. म्हणजे युजेनॉलनं बुरशीला वाढू दिलं आणि विष बनवू दिलं नाही. कडुनिंबाचंही तेच. साय जाडजूड, ठिपका कसाबसा दिसणारा. कडुनिंबाच्या पानांचा अर्क वाढीला फारसा धक्का न लावता अफ्लाटॉक्सिनची निर्मिती अडवतो हे १९८८ पासून प्रसिद्ध झालेलं आहे, पण आपल्याच शेंगदाण्यातून निघालेल्या वाणावर ते आपल्या डोळ्यांनी दिसलं याचा आनंद वेगळाच.

आणि आता गवती चहा. सर्वात कमी मात्रेत साय कंट्रोलपेक्षा हलकी, म्हणजे वाढ घटलेली. ठिपका मात्र कंट्रोलपेक्षाही तेजस्वी. मी प्लेट दुसऱ्या दिव्याखाली नेली. तरी तेच.

अर्धवट मारलेली बुरशी जास्त विष टाकते आहे. हे अशक्य नाही. पेशीवर ऑक्सिडेशनचा ताण आला की अफ्लाटॉक्सिनची निर्मिती वाढते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि काही बुरशीनाशकांच्या अपुऱ्या मात्रेनंही असं घडतं. पण मग "थोडं टाका, अपाय तर नाही ना" हा जो सर्रास दिला जाणारा सल्ला आहे, तो इथे लागू पडत नाही. थोडं टाकण्यातच अपाय असू शकतो.

१२ ऑगस्ट

गवती चहाचा भाग मॅडमनी नव्यानं करून घेतला. तेल नवं, माध्यम नवं, आणि मोजणी एलायझा किटवर, म्हणजे प्रतिपिंडांनी विष पकडून मोजणाऱ्या तयार संचावर. निकाल तोच. अहवालात लिहिताना "या वाणात, या माध्यमात, या मात्रेला" एवढंच लिहायचं. गवती चहा विष वाढवतो, असं सरसकट वाक्य कुठेही जाऊ द्यायचं नाही. लोक चहात घालतात त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

२० ऑगस्ट

मक्याचं छोटं पोटकाम. दौंडकडच्या मक्याच्या कणसांतून फ्युजेरियम व्हर्टिसिलिऑइडिस निघाली. तिचं विष फ्युमोनिसिन. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी-जुलाब झाले, ते याच विषानं. थायमॉल आणि सिनॅमाल्डिहाइड फ्युजेरियमलाही रोखतात, बाकीची तेलं मागे पडतात. हे काम पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतो आहोत.

४ सप्टेंबर

प्लेटवरून दाण्यावर. बोहरी आळीतून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या आणल्या. दाणे दोन प्रकारचे घेतले, ७ टक्के ओलाव्याचे आणि पाणी देऊन १२ टक्क्यांवर नेलेले. सगळ्यांवर बीजाणू शिंपडले. तेल दाण्यांना लावलं नाही. गाळणकागदाच्या तुकड्यावर टाकून तो झाकणाच्या आतून चिकटवला, म्हणजे फक्त वाफ दाण्यांपर्यंत जाईल. मात्रा बरणीतल्या हवेच्या लिटरमागे मोजली.

गणपतीत बरण्या इनक्युबेटरमध्येच राहतील. वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय, वीज गेली तर फोन करा म्हणून.

१९ सप्टेंबर

बरण्या उघडल्या.

७ टक्क्यांच्या एकाही बरणीत बुरशी नाही. तेल असलेल्यांत नाही आणि तेल नसलेल्या कंट्रोलमध्येही नाही. बीजाणू तिथेच आहेत, दाणा खाऊन वाढायला तयार आहेत, पण त्यांना लागणारं पाणी नाही.

१२ टक्क्यांच्या कंट्रोलमध्ये दाणे पोपटी धुरळ्यानं एकमेकांना चिकटलेले. ओव्याच्या तेलाच्या मोठ्या मात्रेत दाणे स्वच्छ, सिनॅमाल्डिहाइडमध्येही. लवंगेत तुरळक ठिपके. मात्र प्लेटच्या हिशोबानं जी मात्रा पुरेशी वाटत होती ती इथे कुठल्याच तेलाची पुरली नाही. कारण साधं आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, आणि सुगंधी तेल त्या स्निग्धात विरघळून बसतं. बुरशीपर्यंत पोचायच्या आधीच दाणा ते पिऊन टाकतो. अगारवरचे आकडे घेऊन शेतकऱ्याला मात्रा सांगणं म्हणजे त्याची फसवणूक होईल.

स्वच्छ राहिलेल्या बरण्यांतले काही दाणे तेलाच्या वाफेबाहेर काढून ओल्या टिपकागदावर ठेवले आहेत.

२४ सप्टेंबर

ओव्याच्या बरणीतल्या, स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यांवर फ्लेव्हस उगवली. तेलानं तिला मारलेलं नव्हतं, निजवलेलं होतं. सिनॅमाल्डिहाइडच्या मोठ्या मात्रेतले काही दाणे मात्र खरोखरच निर्जंतुक झालेले दिसतात.

चवीची चाचणी बुरशी न घातलेल्या वेगळ्या बरण्यांतून, वेगळ्या खोलीत केली. हे दाणे प्रयोगशाळेत आणलेच नव्हते. परिणामकारक मात्रेला ओव्याचा वास भाजल्यावरही जात नाही. मसालेदार दाण्यांना, चटणीला, फरसाणाला चालेल. दुधातल्या लाडवाला किंवा उपासाच्या खिचडीला नाही, उपासाला ओवा खात नाहीत असं बऱ्याच घरांत आहे. हा अडथळा लोकांच्या स्वयंपाकघरातला आहे, म्हणून तो रसायनाइतकाच खरा आहे.

१० ऑक्टोबर

आंबेगाव तालुका, मंचरच्या पुढे. परतीचा पाऊस दोन दिवस पडून उघडलाय. नवरात्र असल्यानं बाजारात दाण्याला मागणी आहे, त्यामुळे सगळ्यांची काढणीची घाई.

ज्यांच्या शेतातून नमुने घेतो त्या काकूंनी उपटलेला भुईमूग ताडपत्रीवर टाकला होता, वरून प्लास्टिक. पाऊस थांबल्यावर प्लास्टिक उचललं तर खालून पाणी ओघळत होतं. "बघ ताई, कागदाखाली माल घामेजतो. झाकावं तर असं आणि उघडं ठेवावं तर आभाळ फुटतंय." मग त्यांनी मोबाईलवर आलेला निरोप दाखवला. पोत्यात मूठभर ओवा टाका, बुरशी लागत नाही. "टाकू का? ओवा काय फुकट येतो व्हय, पण टाकीन. माल वाचला पायजे."

मी त्यांना जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण प्रकल्पाचं म्हणणं यापेक्षा सोप्या भाषेत मला मांडता येणार नाही. "काकू, मूठभर ओव्यानं ओल्या शेंगांचं काही होत नाही. उलट बुरशी अर्धीच दबली तर वरून माल बरा दिसंल आणि आतलं विष कळणार नाही. आधी वाळवा. ओव्याचं नंतर बघू."

त्यांनी एक शेंग उचलून कानापाशी हलवली. आवाज नाही. दुसऱ्या, आधी काढलेल्या ढिगातली हलवली, ती खुळखुळली. फोडून दाणा दातात धरला, कट्‌कन तुटला, लाल साल बोटांत चुरगाळून उडाली. "ह्यो वाळला," म्हणाल्या. मी आणलेल्या मीटरनं दोन्ही मोजले. त्यांच्या कानानं आणि दातानं दिलेलं उत्तर बरोबर निघालं. ताज्या उपटलेल्या शेंगेत ३५ ते ५० टक्के पाणी असतं आणि ते ८-९ टक्क्यांपर्यंत आणावं लागतं. झाडं ढीग न करता, शेंगा वर आणि पाला खाली असं उलटं पसरलं तर वारा शेंगेला लागतो आणि ती जमिनीच्या ओलीपासून सुटते. काकूंच्या मुलानं तेवढ्यात चार ओळी तशा मांडूनही टाकल्या.

आणखी एक गोष्ट निघाली. विहिरीजवळचं रान सोडलं तर वरच्या तुकड्याला ऑगस्टच्या उघडिपीत पाणी मिळालं नव्हतं. शेंगा भरताना जमीन तापली आणि कोरडी पडली तर फ्लेव्हस मातीतूनच शेंगेत शिरते, कीड लागलेल्या शेंगेत तर सहज. अशा तुकड्याचा माल कितीही छान वाळवला तरी विष आधीच आत असू शकतं. तिथे ना ओवा कामाचा ना दालचिनी. त्या तुकड्याचा नमुना वेगळ्या पिशवीत घेतला.

१५ ऑक्टोबर

काकूंनी घरी फोडून निवडलेले दाणे चार वाट्यांत भरले. शाबूत, सुरकुतलेले, फुटके आणि डागी. चारही दळून एलायझाला लावले. शाबूत दाण्यांत किटनं पकडावं इतकंही विष नाही. सुरकुतलेल्यांत थोडं. डागी दाण्यांची वाटी सर्वात लहान आणि जवळपास सगळं विष तिच्यातच. वरच्या तुकड्याच्या मालात डागी दाणे जास्त होते, तेही जुळलं.

अफ्लाटॉक्सिन असं थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, म्हणून पोत्यातून एक मूठ घेऊन केलेल्या तपासणीला अर्थ नाही. आणि म्हणूनच सुपात पाखडून, डोळ्यांनी निवडून बाहेर काढलेला दाणा ही खरी सफाई. आपल्या कायद्यानं थेट खाण्याच्या दाण्यात किलोमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि पुढे प्रक्रिया होणाऱ्या मालात १५ ची. युरोपात थेट खाण्याला ४. निर्यातीचा माल परत येतो तो या फरकात.

पण बाहेर काढलेला दाणा जातो कुठे? मार्केट यार्डातल्या आडत्यानं जूनमध्येच सांगितलं होतं. घाण्याला. तेलात विष थोडंच उतरतं, बहुतेक पेंडीत राहतं. पेंड दुभत्या गाईला जाते, आणि गाय त्यातल्या बी-१ चं, म्हणजे बी गटातल्या मुख्य विषाचं, एम-१ हे दुसरं रूप करून एक ते तीन टक्के, जास्त दुधाच्या गाईत त्याहूनही अधिक, दुधात सोडते. दुधाची मर्यादा आपल्याकडे किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. दूध उकळून एम-१ जात नाही. म्हणजे आपण मोठ्यांच्या ताटातून काढलेला दाणा फिरून लहान पोराच्या पेल्यात येतो. मला या सगळ्या कामात हेच सर्वात जास्त लागलं आहे. डागी दाणा निवडा असं सांगताना, तो जाळा किंवा पुरा, जनावराला घालू नका, हे त्याच दमात सांगायला हवं. आणि त्या दाण्याचे चार पैसे शेतकऱ्याच्या हातून जातात त्याची भरपाई कशी करायची, हेही कुणीतरी बसून ठरवायला हवं. नुसत्या उपदेशावर तो दाणा जळणार नाही.

२७ ऑक्टोबर

बियाण्याचा प्रश्न. खाण्यासाठी नाही तर पेरणीसाठी ठेवलेल्या शेंगांना वासाची अडचण नाही, म्हणून एसबी-११ या भुईमुगाच्या वाणाच्या दाण्यांवर वाफेचा प्रयोग केला. ओल्या कागदाच्या गुंडाळीत उगवण पाहिली. परिणामकारक मात्रेत ओव्याच्या तेलानं उगवण घटली आणि मुळं आखूड, तपकिरी टोकांची आली. सुगंधी तेलं अंकुरालाही दाबतात, हे अपेक्षितच होतं. लवंगेच्या वाफेत मुळांचं नुकसान कमी. बियाण्यासाठी लवंग घेऊन आणखी खाली मात्रा शोधायच्या, आणि प्रत्येक मात्रेला विषही मोजायचं. गवती चहाचा निकाल विसरायचा नाही.

६ नोव्हेंबर

मॅडमबरोबर पुढच्या टप्प्याची बैठक. वाफ लवकर उडते आणि दाण्यातलं स्निग्ध ती शोषून घेतं, या दोन अडचणींवर एकच वाट दिसते. थायमॉल कायटोसनच्या बारीक कणांत कोंडून छोट्या पुड्यांत भरायचं, म्हणजे ते हळूहळू सुटत राहील. बनारस हिंदू विद्यापीठात या दिशेनं बरंच काम झालंय, पद्धत तिथल्या प्रसिद्ध शोधनिबंधांतून घेता येईल. कायटोसन कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून निघतं. शाकाहारी घरांत त्याची पुडी दाण्याच्या डब्यात चालेल का, हे आधी विचारून घ्यायचं. नसेल चालत तर स्टार्चचे कण.

कडुनिंबाचा वापर साठवणीत नाही तर काढणीच्या आधी करून पाहावा असं माझं मत मांडलं. बुरशी जगते पण विष बनवत नाही, हा गुण जिथे तिला मारणं शक्यच नाही तिथे, म्हणजे शेंगा भरताना, कामाचा. मॅडमना ते पटलं, पण पानांचा अर्क उन्हात आणि मातीत किती तास टिकतो हे आधी पाहा म्हणाल्या. त्याला उन्हाळी भुईमुगापर्यंत थांबावं लागेल.

१४ नोव्हेंबर

काकूंच्या गटाला ओलावा मोजायचं मीटर हंगामापुरतं दिलं. ९ टक्क्यांच्या वर असेल तर पोतं शिवायचं नाही, एवढा एकच नियम. त्यांनी स्वतःहून दुसरा घातला. डागी दाण्यांचं पोतं वेगळं ठेवून त्यावर लाल चिंधी बांधायची, म्हणजे गोठ्याकडे चुकूनही जाणार नाही.

साठवणीची खरी चाचणी त्यांच्याच घरात सुरू केली. नुसती वाळवलेली पोती, वाळवून ओव्याच्या तेलाची पुडी ठेवलेली पोती, आणि नेहमीप्रमाणे ठेवलेली. सगळी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पहिले नमुने जानेवारीत घ्यायचे, पोत्याच्या वर, मध्ये आणि तळातून, बंबीनं, म्हणजे पोत्यात खुपसायच्या पोकळ सळीनं. आधी ओलावा मोजायचा, मग एलायझा, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायचे.